वस्तू ओळखण्याची विद्या : कागदकामाची हातयंत्रे आणि सीमाशुल्क

(लघुउद्योजक, बचत गटांच्या कार्यकर्त्या आणि ग्राहक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय प्रथमदर्शनी रूक्ष वाटेल. सीमाशुल्काचे वर्गीकरण म्हटले की तो बॅलार्ड इस्टेटच्या कस्टम हाउसमधील अधिकाऱ्यांचा आणि क्लिअरिंग एजंटांचा प्रांत आहे, सामान्य कुटुंबाचा त्याच्याशी काय संबंध, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या घरात दिवाळीचे आकाशकंदील होतात, लग्नाच्या अहेराची पाकिटे सजवली जातात, शाळेच्या हस्तकलेच्या वहीत फुलपाखरे चिकटवली जातात, त्या घरापर्यंत हा विषय येऊन पोहोचतो. गेल्या काही वर्षांत शुभेच्छापत्रे, कागदी पिशव्या आणि शोभेची पाकिटे तयार करणाऱ्या महिलांचा मोठा वर्ग महाराष्ट्रात उभा राहिला. २०१८ साली राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आल्यानंतर कागदी पिशव्यांच्या कामाला वेग आला. या कामाला लागणारी लहान हातयंत्रे पुण्यात अप्पा बळवंत चौकात आणि मुंबईत अब्दुल रेहमान स्ट्रीटच्या दुकानांत मिळतात. त्यांतली पुष्कळशी समुद्रमार्गे येतात, आणि बंदरात उतरताच त्यांना पहिला प्रश्न विचारला जातो : तू कोण?

या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच वर्गीकरण. उत्तर बदलले की शुल्क बदलते, कधी कधी परवान्याच्या आणि मानकचिन्हाच्या अटीही बदलतात. म्हणून हा विषय समजून घेणे आवश्यक आहे.

कौटिल्याची शुल्कशाळा

आलेल्या मालाची ओळख पटवून मग शुल्क आकारावे, ही कल्पना या भूमीला नवी नाही. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात शुल्काध्यक्षाची कर्तव्ये सांगितली आहेत. नगराच्या महाद्वाराजवळ शुल्कशाळा असावी, तिच्यावर ध्वज असावा, आणि चार-पाच नोंदणी करणाऱ्यांनी व्यापारी कोण, कोठला, किती माल घेऊन आला आणि मालावर मुद्रा कोठे उमटली हे लिहून घ्यावे, अशी व्यवस्था तेथे आहे. बाहेरून येणाऱ्या मालावर सर्वसाधारणपणे मूल्याचा पाचवा हिस्सा शुल्क, तर फुले, फळे, भाजी, कंद यांवर सहावा हिस्सा. वस्त्रांसारख्या काही वर्गांवर दहावा किंवा पंधरावा. शंख, हिरे, मोती, पोवळी यांचे शुल्क मात्र त्या वस्तूंचे ज्ञान असलेल्या जाणकारांकडून ठरवून घ्यावे, असे कौटिल्य सांगतो.

दोन गोष्टी येथे ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली, दर वस्तूच्या जातीवरून ठरतो, म्हणून जात आधी निश्चित झाली पाहिजे. दुसरी, जेथे जात ओळखणे अवघड आहे तेथे अधिकाऱ्याने स्वतःच्या तर्कावर विसंबून न राहता त्या विषयातील माणसाला विचारावे. शुल्काच्या भीतीने मालाचे प्रमाण किंवा मूल्य कमी सांगणाऱ्या व्यापाऱ्याला आठपट शुल्काचा दंडही त्याच प्रकरणात आहे. राज्याकडून जाणकारी आणि व्यापाऱ्याकडून सचोटी, ही दुहेरी अपेक्षा त्या काळापासून चालत आलेली आहे.

जगाची एकच वस्तुसूची

आजची व्यवस्था आंतरराष्ट्रीय आहे. १४ जून १९८३ रोजी ब्रुसेल्स येथे झालेल्या करारातून ‘हार्मोनाइज्ड सिस्टिम’ नावाची सामायिक वस्तुसूची तयार झाली आणि १ जानेवारी १९८८ पासून ती अमलात आली. आज ब्रुसेल्सची जागतिक सीमाशुल्क संघटना तिची देखभाल करते आणि दर पाच-सहा वर्षांनी तीत सुधारणा होते. २०१७ आणि २०२२ या अशा अलीकडच्या आवृत्त्या. या सूचीचे २१ विभाग आणि ९७ अध्याय आहेत. त्यांतला ७७ वा अध्याय भविष्यासाठी कोरा ठेवलेला आहे. जगातील प्रत्येक विकाऊ वस्तूला, मग ती जिवंत घोडा असो वा जुनी मूर्ती, सहा आकडी क्रमांक मिळतो. पहिले दोन आकडे अध्याय दाखवतात, पहिले चार मिळून शीर्षक होते आणि सहा मिळून उपशीर्षक.

भारताने सीमाशुल्क दर अधिनियम, १९७५ च्या अनुसूचीची मांडणी १९८६ साली या पद्धतीवर आणली आणि २००३ पासून त्यात आणखी दोन आकडे घालून आठ आकडी क्रमांक सुरू केले. दरपत्रक या सूचीवर आधारलेले असल्यामुळे शंका आली तर सूचीचाच आधार घ्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये वुड क्राफ्ट प्रॉडक्ट्स या प्रकरणात स्पष्ट केले.

या सूचीबरोबर वर्गीकरणाचे सहा सामान्य नियम येतात. पहिला नियम सर्वांत महत्त्वाचा. अध्यायांची नावे केवळ सोयीसाठी असतात. वर्गीकरण होते ते शीर्षकाच्या शब्दांवरून आणि विभागाच्या व अध्यायाच्या टीपांवरून. त्यातून उत्तर निघाले नाही तरच पुढील नियमांकडे जायचे. पुढचे नियम सांगतात की, मोघम शीर्षकापेक्षा नेमके शीर्षक वरचढ. अनेक वस्तूंच्या संचात ज्या वस्तूमुळे संचाला त्याचे मूळ स्वरूप येते ती निर्णायक. आणि तरीही निकाल लागला नाही तर क्रमाने शेवटी येणारे शीर्षक घ्यावे.

न्यायालयातली पाने, टोमॅटो आणि अक्षरांचा खेळ

वस्तूची जात ठरवणे किती नाजूक असते, याची उदाहरणे न्यायालयांच्या निकालांत आहेत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९३ साली टोमॅटो हे फळ की भाजी या प्रश्नाचा निकाल दिला. तेथील कायद्याने आयात भाजीवर शुल्क होते, फळावर नव्हते. वनस्पतिशास्त्राने टोमॅटो फळ असला तरी लोक तो जेवणात भाजी म्हणून खातात, म्हणून तो भाजी, असे न्यायालयाने ठरवले.

महाराष्ट्रातलेही उदाहरण आहे. अकोल्याच्या एका व्यापाऱ्याने विड्याची पाने ही भाजीच असल्याने विक्रीकरातून सूट मिळावी असा दावा केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६१ साली निकाल लागला की, करकायद्यातील शब्द शास्त्रीय अर्थाने नव्हे, तर बाजारात आणि घरात वापरल्या जाणाऱ्या अर्थाने घ्यावा. कोणतीही गृहिणी भाजी आणायला पाठवल्यावर विड्याची पाने आणलेली चालवून घेणार नाही, हे सांगायला कायद्याची पदवी लागत नाही. २००९ मध्ये तर ‘स्क्रॅबल’ हा अक्षरांचा खेळ कोडे आहे की खेळ आहे, या वादाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. तो खेळ ठरला.

१९७५ च्या डनलॉप प्रकरणातील निकालाचा भाव तर प्रत्येक उद्योजकाने लक्षात ठेवावा असा आहे. ज्या वस्तूला एखाद्या नेमक्या शीर्षकावर रास्त हक्क सांगता येतो, तिला ते घर नाकारून ‘इतर’ नावाच्या अनाथालयात पाठवणे हे वर्गीकरणाच्या तत्त्वाविरुद्ध आहे, असे न्यायालयाने म्हटले.

हातात धरायचे की मेजावर ठेवायचे?

आता कागदकामाच्या हातयंत्रांकडे येऊ. ही यंत्रे विजेवर चालत नाहीत, माणसाच्या हाताच्या जोरावर चालतात. म्हणून अनेकांचा समज असा होतो की ती ‘हत्यारे’ आहेत आणि त्यांची जागा ८२ व्या अध्यायात, म्हणजे हातहत्यारे आणि कटलरी यांच्यात आहे. ‘यंत्रे’ म्हणजे ८४ वा अध्याय, तो विजेवर किंवा इंजिनावर चालणाऱ्यांसाठी, असेही गृहीत धरले जाते. हा समज चुकीचा आहे. ८४ व्या अध्यायात हाताने चालणारी अनेक यंत्रे येतात.

मग भेद कशावरून करायचा? सूचीच्या स्पष्टीकरणात्मक टिपणांनी त्यासाठी व्यवहारी कसोटी दिली आहे. जे साधन हातात मोकळे धरून वापरले जाते ते हातहत्यार, मग त्यात दातेरी चाक, तरफ किंवा स्क्रू यांसारखी साधी यंत्रणा असली तरी चालेल. परंतु जे साधन मेजाला किंवा भिंतीला बसवायचे असते, किंवा वजन, आकार आणि लागणारा जोर यांमुळे ज्याला बैठक, स्टँड किंवा चौकट दिलेली असते, ते सामान्यतः यंत्र. छातीला टेकवून हाताने फिरवायचे ड्रिल ८२ व्या अध्यायात, स्टँडवर बसवायचे ड्रिल ८४ व्या अध्यायात. पत्रा कापायची पकडीसारखी कात्री ८२ व्यात, बैठकीवरची गिलोटिन कात्री हाताने चालत असली तरी ८४ व्यात.

मुलांच्या दप्तरातले पेन्सिलचे टोकयंत्र हे याचे सुबक उदाहरण आहे. खिशातले लहान टोकयंत्र शीर्षक ८२१४ मध्ये येते. शाळेच्या कार्यालयात मेजाच्या कडेला बसवलेले, दांडा फिरवायचे टोकयंत्र शीर्षक ८४७२ मध्ये, कार्यालयीन यंत्रांत जाते. काम एकच, टोक तेच, तरी घरे दोन.

एस.टी.च्या कंडक्टरच्या हातातला तिकिटाला भोक पाडणारा पंच अनेकांना आठवत असेल. तो पकडीसारखा हातात धरायचा. त्याची जागा भोके पाडणाऱ्या हातपंचांच्या शीर्षकात, ८२०३ मध्ये. फायलीसाठी कागदाला दोन भोके पाडणारा, मेजावर ठेवून दाबायचा पंच कार्यालयीन यंत्रांच्या ८४७२ मध्ये. भोके पाडणारी आणि स्टेपल मारणारी यंत्रे त्या शीर्षकात नावानिशी सांगितली आहेत. साधी कात्री ८२१३ मध्ये. फोटो स्टुडिओत आणि झेरॉक्सच्या दुकानात पाटावर बसवलेले लांब पात्याचे जे कटर असते, ते मात्र शीर्षक ८४४१ मध्ये. कागद आणि पुठ्ठा यांपासून वस्तू तयार करणारी यंत्रे आणि सर्व प्रकारची कागद कापणारी यंत्रे या शीर्षकात येतात. ‘सर्व प्रकारची’ हे शब्द महत्त्वाचे आहेत; त्यांत हाताने चालणारे वगळलेले नाही. पिशव्या व पाकिटे करणाऱ्या यंत्रांना याच शीर्षकात ८४४१ २० हे स्वतंत्र उपशीर्षक आहे.

स्वयंपाकघरातले पुरणयंत्र मात्र या कसोटीला अपवाद आहे. त्याला पाय असतात, दांडा असतो, ते ओट्यावर ठेवून फिरवले जाते. तरी ते ८२ व्या अध्यायातच राहते, कारण शीर्षक ८२१० मध्ये अन्न तयार करण्याची, दहा किलो किंवा त्याहून कमी वजनाची हाताने चालणारी यांत्रिक साधने मुद्दाम घेतली आहेत. स्वयंपाकघरासाठी दिलेली ही सवलत कागदासाठी दिलेली नाही. म्हणून ‘दहा किलोच्या आतले हातयंत्र म्हणजे हत्यार’ असा सरसकट नियम करून तो कागदाच्या यंत्राला लावणे चुकीचे ठरते. अपवाद ज्याच्यासाठी केला त्याच्यापुरताच असतो.

दोन लाटण्यांमधला वाद

बचत गटांत आणि हौशी कलाकारांत सर्वाधिक लोकप्रिय झालेले यंत्र म्हणजे दांडा फिरवून चालवायचे डाय-कटिंग यंत्र. रसवंतीगृहातला उसाचा चरक डोळ्यांसमोर आणला की त्याची रचना समजते. वर-खाली दोन रोलर, बाजूला दांडा, खाली भक्कम बैठक. फुलाच्या किंवा पानाच्या आकाराची धारदार कड असलेला पोलादी साचा, त्यावर कागद आणि दोन्हीकडे प्लॅस्टिकच्या पट्ट्या अशी चळत रोलरमधून सरकवली की दाबामुळे कागद त्या आकारात कापला जातो. साच्याऐवजी नक्षीची दुमडपट्टी घातली तर कागद न कापता त्यावर उठाव येतो.

हे यंत्र हातहत्यार नाही, हे वरच्या कसोटीवरून ठरले. मग ८४ व्या अध्यायात कोठे? एक पक्ष म्हणेल, हे कागद कापते, म्हणून ८४४१. दुसरा पक्ष म्हणेल, या यंत्राचे काम म्हणजे दोन रोलरमधून दाब देणे. कापतो तो साचा, यंत्र नव्हे. तेव्हा धातू आणि काच यांखेरीज इतर पदार्थांसाठीच्या रोलर यंत्रांचे शीर्षक ८४२० हेच याचे घर.

येथे अध्यायाची दुसरी टीप कामाला येते. एखादे यंत्र ८४०१ ते ८४२४ या शीर्षकांपैकी एखाद्याच्या वर्णनात बसत असेल आणि त्याच वेळी ८४२५ ते ८४८० पैकीही एखाद्याच्या वर्णनात बसत असेल, तर काही नमूद अपवाद सोडता ते आधीच्या गटात जाते. म्हणजे हे यंत्र खरोखरच ‘रोलर यंत्र’ या वर्णनात बसते असे ठरले, तर ‘कागद कापणारे यंत्र’ हा दावा कितीही आकर्षक असला तरी मागे पडतो. म्हणून खरा वाद ८४२० च्या शब्दांवर आहे. सपाट पाट दाबून कापणारे, रोलर नसलेले तरफेचे यंत्र असेल तर हा प्रश्नच उद्भवत नाही. ते सरळ ८४४१ मध्ये जाते. दोन यंत्रे एकाच दुकानात शेजारी ठेवलेली, एकाच कामाची. तरी आतल्या रचनेवरून त्यांचे घर वेगळे होऊ शकते.

पुन्हा साचे सुटे आले तर त्यांचा विचार वेगळा. यंत्रांच्या पात्यांसाठी ८२०८ हे शीर्षक आहे, आणि यंत्राचा भाग म्हणूनही दावा करता येतो. यंत्र, साचे, पट्ट्या आणि थोडा रंगीत कागद असा संच एकाच खोक्यात किरकोळ विक्रीसाठी बांधून आला, तर तिसऱ्या नियमाप्रमाणे संचाला त्याचे स्वरूप कशामुळे येते ते पाहायचे. अशा संचात ती वस्तू सहसा यंत्रच असते.

यंत्र की खेळणे?

आता सर्वांत मोठी आर्थिक फट. खोक्यावर हसऱ्या मुलाचे चित्र असेल, रंग गुलाबी-निळे असतील, तर अधिकाऱ्याला ते शीर्षक ९५०३ मधले खेळणे वाटू शकते. यंत्रांचा विभाग खेळण्यांच्या ९५ व्या अध्यायातील वस्तूंना स्पष्टपणे वगळतो. म्हणून एकदा खेळणे ठरले की ८४ व्या अध्यायाचा दरवाजा बंद होतो.

याचा अर्थ पैशांत काय होतो? खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ते ७० टक्क्यांवर नेण्यात आले. ८४ व्या अध्यायातील बहुसंख्य यंत्रांचा दर या काळात साडेसात टक्के होता. समजा, २०२१ साली सांगलीच्या एका लहान व्यापाऱ्याने प्रत्येकी ४,००० रुपये मूल्याची २०० हातयंत्रे मागवली. एकूण मूल्य आठ लाख. यंत्र म्हणून मूळ शुल्क ६०,००० रुपये. खेळणे म्हणून ४,८०,००० रुपये. अधिभार आणि एकात्मिक वस्तू व सेवा कर त्यावर वेगळा. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक चिन्ह अनिवार्य झाले. ते नसेल तर पैसे भरूनही माल सुटत नाही. एका शब्दाच्या फरकाने त्या व्यापाऱ्याची वर्षाची कमाई बंदरात अडकते आणि त्याच्यावर विसंबलेल्या महिलांची दिवाळीची ऑर्डर हातची जाते.

त्याच वेळी दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ही शुल्कवाढ विनाकारण झालेली नव्हती. निकृष्ट आणि असुरक्षित खेळण्यांच्या लोंढ्यापुढे देशी कारागीर टिकावा आणि मुलांच्या हातात विषारी रंग जाऊ नयेत, हा तिचा उद्देश होता. कोणी खेळणीच ‘यंत्र’ म्हणून आणू लागला, तर तो सरकारी तिजोरीइतकाच देशी खेळणी बनवणाऱ्या कारागिरालाही फसवतो.

कसोटी काय? सूचीच्या टिपणांनी मान्य केले आहे की, शिवणयंत्र किंवा इस्त्री यांसारखी काही खेळणी थोडेफार काम करू शकतात. पण आकार आणि मर्यादित क्षमता यांवरून ती खऱ्या वस्तूंपासून सहसा वेगळी ओळखू येतात. हाच निकष येथे लावावा. पोलादी साच्याने जाड पुठ्ठा दिवसभर कापू शकणारे, धातूच्या रोलरचे वजनदार यंत्र खोक्यावरच्या चित्रामुळे खेळणे होत नाही. आणि पातळ कागदाच्या पलीकडे काही न झेपणारा, मुलांच्या करमणुकीसाठीच बनवलेला प्लॅस्टिकचा लहानसा डबा ‘यंत्र’ असे नाव दिल्याने यंत्र होत नाही.

कायद्याचे हक्क आणि कर्तव्ये

२०११ पासून आयात मालाचे वर्गीकरण प्रथम आयातदाराने स्वतःच करायचे असते. सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या ४६ व्या कलमानुसार तो बिल ऑफ एंट्रीतील मजकूर खरा असल्याचे लिहून देतो. म्हणून ‘एजंटने कोणता क्रमांक टाकला ते ठाऊक नाही’ हे उत्तर चालत नाही. चुकीचे वर्णन दिल्यास १११ व्या कलमाखाली माल जप्त होऊ शकतो. अधिकाऱ्याला कमी भरलेले शुल्क दोन वर्षांपर्यंत मागता येते. हेतुपुरस्सर चुकीची माहिती दिलेली किंवा माहिती दडवलेली असेल तर पाच वर्षांपर्यंत.

परंतु प्रामाणिक मतभेद हा गुन्हा नाही. मालाचे वर्णन खरे असेल आणि क्रमांकाविषयीचा दावा सद्भावनेने केलेला असेल, तर तो दावा पुढे चुकीचा ठरला तरी ते खोटे निवेदन होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ च्या नॉर्दर्न प्लॅस्टिक प्रकरणात सांगितले. तसेच आयातदाराने सांगितलेल्या शीर्षकाऐवजी दुसरे शीर्षक लावायचे असेल तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी महसूल विभागावर असते, असे हिंदुस्तान फेरोडो निकालात आहे. आयातदाराचा दावा अमान्य करायचा आणि त्याला ते लेखी मान्य नसेल, तर अधिकाऱ्याने कारणे देऊन आदेश काढला पाहिजे. त्या आदेशाविरुद्ध साठ दिवसांच्या आत आयुक्तांकडे अपील करता येते.

२०२० पासून मूल्यांकन ‘फेसलेस’ पद्धतीने होऊ लागले. न्हावाशेवाला उतरलेल्या मालाचे कागद दुसऱ्याच शहरातला अधिकारी तपासू शकतो. त्याच्यासमोर वस्तू नसते, वर्णन असते. म्हणून ‘क्राफ्ट मशीन’ एवढेच लिहिणे म्हणजे संकटाला आमंत्रण. हाताने चालणारे, बैठक असलेले, इतक्या वजनाचे, दोन धातूच्या रोलरचे, इतक्या जाडीचा पुठ्ठा कापणारे, असे पूर्ण वर्णन द्यावे आणि उत्पादकाचे माहितीपत्रक व छायाचित्रे जोडावीत.

याहून चांगला मार्ग म्हणजे माल मागवण्यापूर्वीच निर्णय घेणे. अधिनियमाच्या २८-ई आणि पुढील कलमांत अग्रिम निर्णयाची तरतूद आहे. जानेवारी २०२१ पासून त्यासाठी मुंबई आणि दिल्ली येथे सीमाशुल्क अग्रिम निर्णय प्राधिकरणे काम करू लागली. अर्ज केल्यावर तीन महिन्यांत निर्णय देण्याची अपेक्षा आहे. तो अर्जदारावर आणि त्याच्या बाबतीत सीमाशुल्क अधिकाऱ्यांवर बंधनकारक असतो. २०२२ च्या दुरुस्तीने, कायदा किंवा वस्तुस्थिती बदलली नाही तर तो तीन वर्षे लागू राहील असे ठरवले होते. रोलर यंत्र ८४२० की ८४४१ हा वाद बंदरात, डेमरेज चढत असताना घालण्यापेक्षा आधीच सोडवून घेणे केव्हाही श्रेयस्कर.

मोठ्या कंपन्या हा मार्ग सहज वापरतात. त्यांच्याकडे वकील असतात. लहान व्यापाऱ्याला आणि बचत गटाला तो ठाऊकही नसतो. अर्ज, शुल्क आणि सल्लागाराचा खर्च एकट्याला परवडत नाही. निर्णय ज्याने अर्ज केला त्याच्यापुरताच बंधनकारक असल्याने शेजाऱ्याला त्याचा थेट लाभही मिळत नाही. यावर उपाय संघटनेचा आहे. लहान आयातदारांनी एकत्र येऊन एकाच नावाने माल मागवावा, त्या नावाने अर्ज करावा आणि खर्च वाटून घ्यावा.

आयात कशासाठी?

अखेरचा प्रश्न मुळाचा आहे. दोन रोलर, दोन दातेरी चाके, एक दांडा आणि एक चौकट एवढीच ज्याची सामग्री, ते यंत्र बाहेरून का यावे? कागद कापण्याची मोठी यंत्रे अमृतसरसारख्या शहरांत दीर्घकाळ तयार होत आली आहेत. पुण्याच्या शिवाजीनगर भागात १९४० साली हातकागदाची संस्था उभी राहिली आणि जुन्नरचा कागद तर पेशवाईच्या दप्तरांत वापरला गेला. कागद येथला, कारागीर येथले, लोखंडकाम करणाऱ्या कार्यशाळा कोल्हापूर-इचलकरंजीत पावलोपावली. कमी पडते ते घरगुती वापरासाठी सुबक, सुरक्षित आणि परवडणाऱ्या आराखड्याचे काम. शुल्काची भिंत कारागिराला काही काळ उसंत देते, पण त्या उसंतीत चांगले यंत्र त्यालाच घडवावे लागते. तोपर्यंत ज्या भगिनीला आज यंत्र हवे आहे तिने ते आणावे, योग्य शुल्क भरून आणावे आणि त्यावर पोट भरावे. त्यात काहीही गैर नाही.

येथे उपस्थित असलेल्यांमध्ये सनदी लेखापाल आहेत, अभियांत्रिकीचे विद्यार्थी आहेत, निवृत्त शासकीय अधिकारीही आहेत. लेखापालांनी आपल्या वस्तीतील एका बचत गटाचे आयातीचे कागद वर्षातून एकदा तपासून द्यावेत. विद्यार्थ्यांनी असे एक हातयंत्र उघडून पाहावे आणि गावातल्या कार्यशाळेत तसे किंवा त्याहून चांगले घडवण्याचा प्रयत्न करावा. सीमाशुल्क खात्यात सेवा केलेल्यांनी महिन्यातून एक संध्याकाळ लहान व्यापाऱ्यांच्या शंकांसाठी द्यावी. ज्या वस्तूंची जात ओळखणे अवघड आहे तेथे जाणकारांना बोलवा, असे कौटिल्य सांगून गेला. ते जाणकार या सभागृहातच बसलेले आहेत. येत्या दिवाळीच्या आत या कामाला प्रारंभ व्हावा, एवढीच अपेक्षा.